आता तू म्हणून दाखव

एकटं हसण्याची एक अडचण असते. कानात इअरफोन असले की आपण किती मोठ्याने हसतोय ते आपल्याला कळत नाही. परवा मटार सोलता सोलता मी अशी काही खिदळले की सासूबाई आतल्या खोलीतून "काय गं, काय झालं?" करत बाहेर आल्या. आता त्यांना काय सांगणार? की अमेरिकेतली दोन माणसं एका जुन्या इंग्रजी गाण्याच्या एका ओळीवरून केव्हाची भांडतायत आणि ती ओळ म्हणायला चार सेकंदसुद्धा लागत नाहीत? "काही नाही, एक विनोदी कार्यक्रम ऐकतेय," म्हटलं. त्यावर "रेडिओ होय," म्हणून त्यांनी चार दाणे तोंडात टाकले आणि गेल्या.

तर हा 'रेडिओ' म्हणजे 'पंच अप द जॅम' नावाचा पॉडकास्ट. २०१७ साली सुरू झाला. डेमी अडेजुयिग्बे आणि मिएल ब्रेडाऊ हे दोघं त्याचे सूत्रधार. डेमी विनोदी लेखक, 'द गुड प्लेस' ह्या मालिकेच्या लेखकांपैकी एक. मिएल गाणारी आणि विनोद करणारी, 'वाइन'वरच्या सहा-सहा सेकंदांच्या व्हिडिओंमुळे लोकांना माहीत झालेली. २०१९ मध्ये डेमी बाहेर पडला, मग मिएलने पाहुण्यांना हाताशी धरून काही काळ गाडा ओढला. मी हे सगळं फार उशिरा ऐकतेय हे मान्य. पण फोडणीची पोळी कधी ताज्या पोळीची होते का?

पद्धत साधी आहे. एका भागात एक गाणं. तेही सगळ्यांना पाठ असलेलं, दुकानात, लिफ्टमध्ये, लग्नात वाजून वाजून ज्याचा अर्थ कोणी विचारेनासं झालंय असं. गाणं थोडं वाजवायचं, थांबवायचं आणि तेवढ्या तुकड्याची चिरफाड करायची. हा माणूस नक्की उभा कुठे आहे, खिडकीत की रस्त्यावर? मागच्या कडव्यात रात्र होती, मग ह्या कडव्यात ऊन कसं पडलं? हे यमक जुळवायला ह्याला किती वेळ लागला असेल, बस येईपर्यंतचा? आणि नुसत्या शब्दांवर भागत नाही. ड्रम, बेस, मागे 'ऊ ऊ' करणारी मंडळी, मध्येच एकदा वाजून कायमची गायब झालेली घंटा, सगळ्यांची हजेरी घेतली जाते.

आणि शेवटी एक भाग असतो. इतका वेळ ज्याने चिरफाड केली त्याने त्याच गाण्याची स्वतः 'सुधारलेली' आवृत्ती ऐकवायची. शब्द लिहून, वाजवून, गाऊन, रीतसर रेकॉर्ड करून. पॉडकास्टचं नाव त्यावरूनच आहे.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मी तो शेवटचा भाग ऐकायचेच नाही. थट्टा संपली की माझं काम संपलं. पुढचा भाग लावायचा.

कारण थट्टा हा आपला जुना धंदा. आमच्या घरात त्याला 'ऑपरेशन' म्हणतात आणि ऑपरेशनवाली मी. त्या दोघांचं ऐकता ऐकता माझी जुनी सुरी पुन्हा परजली गेली. उदाहरण म्हणून 'टोटो' ह्या बँडचं 'आफ्रिका' घ्या. (हे ऑपरेशन माझं आहे, त्या दोघांच्या माथी मारू नका.) १९८२ सालचं गाणं, १९८३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं. त्यात सेरेंगेटीच्या माळावर किलिमांजारो पर्वत उंच उठलेला दाखवलाय आणि त्या पर्वताला उपमा दिलीय ऑलिंपसची. म्हणजे पर्वताला उपमा पर्वताचीच! आमच्या मराठीच्या बाईंनी लाल पेनने गोल केला असता. शिवाय किलिमांजारो आणि सेरेंगेटी ह्यांच्यात दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. पुण्याच्या गच्चीवरून मिरजेचा दर्गा दिसला म्हणण्यासारखं झालं हे. गाणं लिहिणारा डेव्हिड पेच तोवर आफ्रिकेला गेलेलाच नव्हता. माहितीपट बघून आणि शाळेतले मिशनरी शिक्षक तिकडच्या गोष्टी सांगायचे त्या आठवून त्याने ते लिहिलं. त्यांचाच गिटारवाला स्टीव्ह ल्युकाथर तेव्हा म्हणाला होता की हे हिट झालं तर मी हॉलिवूड बुलेवार्डवरून नागडा धावेन. (गाणं हिट झालं. पुढचं विचारू नका.)

आता गंमत बघा. हे सगळं करायला मी ते गाणं कधी नव्हे इतकं लक्ष देऊन ऐकलं. आणि तेव्हा पहिल्यांदा त्यातला ताल ऐकू आला. ड्रमर जेफ पोर्कारो आणि तालवादक लेनी कॅस्ट्रो ह्या दोघांनी तो एकत्र बसून वाजवला, मग त्यातला उत्तम जमलेला छोटासा तुकडा निवडून टेपचं वेटोळं केलं आणि तेच वेटोळं गाणंभर फिरत ठेवलं. त्यामुळे तो ताल माणसाच्या हाताचाही वाटतो आणि कुठेच हलत नाही. शंभर वेळा कानावर पडलेल्या गाण्यात हे मला ऐकू आलं ते त्याला हसायला बसले तेव्हा. हसायला फार नीट ऐकावं लागतं, मंडळी. हे मला आवडलं. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

इतपत लिहून हा लेख संपवता आला असता. पण मग नानाकाका राहिले असते.

नानाकाका मिरजेचे. मिरज म्हणजे सतारी-तंबोऱ्यांचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. पण नाना काही गवई नव्हेत. पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांचं एकच गाणं होतं, रेडिओवर ऐकून ऐकून बसवलेलं एक जुनं भावगीत. गाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घरच्यांना माहीत आहे, आणि बाहेरच्यांना कळलं तर ते मूळ गाणं शोधत बसतील. मला नानांचं ऐकवायचंय.

बारसं असो, मुंज असो, डोहाळजेवण असो, गाण्यांच्या भेंड्या रंगल्या की कोणीतरी म्हणायचं, "नाना, होऊन जाऊ दे." नाना आधी दोनदा नाही म्हणायचे. मग चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सुरू. गाण्यात चांदणं आहे, नदी आहे, कोणीतरी कोणाचीतरी वाट पाहतंय. मधले सतारीचे तुकडेही नाना सोडायचे नाहीत, ते तोंडाने वाजवायचे. "टँव टँव, टँऽव." खिशात चष्म्याच्या शेजारी दम्याचा पंप असायचा.

१९९६ च्या मे महिन्यात सांगलीला चुलतभावाचं लग्न होतं. आदल्या रात्री कार्यालयात गाद्या टाकून सगळे बसलो होतो. मी सतरा वर्षांची, बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली, अंगात वारं भरलेलं. नानांचं गाणं झालं आणि चुलत-आते-मामे सगळी भावंडं ओरडली, "ऑपरेशन! ऑपरेशन!" मी कोणाचा तरी पंचा तोंडाला बांधला, पंगतीतला एक चमचा हातात घेतला आणि नानांच्या गाण्याला टेबलावर घेतलं.

ही बाई एवढा वेळ नदीकाठी उभी आहे, तिला डास चावत नाहीत का? घरी काय सांगून आली, शेजारी विरजण आणायला जाते? ज्याची वाट बघतेय त्याची शेवटची एसटी चुकली असेल तर तिने डेपोत चौकशी केली का? मग टँव टँव करून दाखवलं, सतार वाजवणाऱ्याचे दात दुखतायत असा चेहरा करून. लोक गादीवर लोळत होते. आणि मग शेवटचं. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत नाना एका शब्दाच्या मधोमध श्वास घ्यायचे. शब्दाचे दोन तुकडे व्हायचे आणि दुसऱ्या तुकड्याचा अर्थ भलताच निघायचा. मी तो श्वास घेऊन दाखवला. आवाजासकट. खांदे वर उचलून, छातीवर हात ठेवून.

तो दम्याचा श्वास आहे हे मला माहीत होतं. हे वाक्य इथे लिहावं की नाही ह्यावर दोन दिवस गेले. पण ते गाळायचं तर बाकीचं तरी कशाला लिहायचं?

सगळे हसले. सगळ्यात जास्त नाना हसले. हसता हसता त्यांना खोकला लागला, काकूने पाणी आणून दिलं. बाबा "पुरे गं आता" म्हणाले, पण तेही डोळे पुसतच. पुढची कित्येक वर्षं घरात कोणी नवीन सून-जावई आले की त्या ऑपरेशनची गोष्ट त्यांना सांगितली जायची आणि मी कौतुकाने मान खाली घालायचे.

त्यानंतर नाना गायले नाहीत.

हे कळायला मला एकोणतीस वर्षं लागली. माणूस गायचा थांबला तर त्याची काही पत्रिका छापत नाहीत. एका लग्नात त्यांचा घसा बसला होता. एका मुंजीत प्रवासाने दमले होते. मग लग्नांत ऑर्केस्ट्रा आला, मग डीजे आला, मग भेंड्याच बंद झाल्या. आपापल्या घरी आपण सगळे आपापल्या नोकऱ्यांत आणि पोराबाळांत. कोणाच्या लक्षात येणार?

मागच्या वर्षी मे महिन्यात नानांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. (तुमच्यातले बरेच जण होतातच.) ओवाळून झालं, जेवणं झाली आणि कोणीतरी म्हणालं, "हजार चंद्र पाहिलेल्या माणसाने चांदण्याचं गाणं म्हटलंच पाहिजे. नाना, होऊन जाऊ दे!" नाना हसले. म्हणाले, "नको रे बाबा. सर्जन इथेच बसलीय."

हशा झाला. मी पण हसले. काकू हसली नाही. ती पाहुण्यांना द्यायचे लाडू डब्यांत भरत होती. तिने एकदा वर मान करून माझ्याकडे बघितलं. रागाने वगैरे नाही, नुसतं बघितलं. मग पुन्हा लाडू भरायला लागली.

परतीच्या गाडीत मला रेबेका ब्लॅक आठवली. कॅलिफोर्नियातली १३ वर्षांची मुलगी. तिच्या आईने पैसे भरून एका छोट्या कंपनीकडून तिचं एक गाणं आणि व्हिडिओ करून घेतला होता, 'फ्रायडे' नावाचं. आपल्याकडे हौसेने फोटो स्टुडिओत जातात तसंच. २०११ च्या मार्चमध्ये ते एकाएकी जगभर पसरलं आणि सगळं जग तिला हसलं. मी पण त्यात होते. ऑफिसात आम्ही चौघींनी एका कॉम्प्युटरभोवती उभं राहून ते बघितलं होतं आणि मी तिथल्या तिथे ऑपरेशन करून दाखवलं होतं. शुक्रवारनंतर शनिवार येतो हे सांगायला गाणं कशाला हवं, वगैरे. त्या मुलीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. शाळेत इतका त्रास झाला की तिला शाळा सोडून घरी शिकावं लागलं. २०२१ मध्ये, बरोबर १० वर्षांनी, तिने तेच गाणं नव्या रूपात पुन्हा काढलं. तिला हसलेल्या आम्हा कोट्यवधी लोकांपैकी किती जणांनी आयुष्यात एक तरी गाणं लोकांसमोर गायलं असेल?

हे सगळं डोक्यात चाललेलं, कानात तो पॉडकास्ट. गाडी मध्येच कुठेतरी क्रॉसिंगला थांबलेली. चिरफाड संपली आणि पुढचा भाग लावायला माझा हात नेहमीसारखा उठला नाही. त्यामुळे तो शेवटचा 'सुधारलेला' भाग पहिल्यांदा कानावर पडला. आणि काय सांगू, आवाज बदलला होता. इतका वेळ जो माणूस शेर होता तो आता जरासा बिचकत होता. फार वेळ मिळाला नाही, तेवढं सांभाळून घ्या, असं काहीबाही म्हणत होता. तंबोरा लावून झाल्यावर 'आज घसा ठीक नाही' म्हणणाऱ्या आपल्या गायकांसारखंच. मग गाणं लागलं. आणि ते मन लावून केलेलं होतं! ज्या गाण्याला इतका वेळ हसले त्याचीच चाल, त्याचेच खाचखळगे, पण आता त्यात हा स्वतः उभा होता. पडला असता तर तोच पडला असता.

त्या दिवशी मला कळलं की हा शेवटचा भाग तोंडी लावण्यापुरता नाही. तो आहे म्हणून आधीच्या थट्टेला बूड आहे. पानाच्या शेवटी सही असते तसं.

डेमीबद्दल मग आणखी वाचलं. 'अर्थ, विंड अँड फायर' ह्या बँडचं 'सप्टेंबर' हे १९७८ चं गाणं आहे, त्यात २१ सप्टेंबरच्या रात्रीचा उल्लेख येतो. ह्या पठ्ठ्याने २०१६ ते २०२१ दर वर्षी २१ सप्टेंबरला त्या गाण्यावर नाचतानाचा स्वतःचा एक व्हिडिओ काढला. पहिला घरगुती आणि मग दर वर्षी जास्त खटाटोपाचा. शेवटच्या वर्षी त्या निमित्ताने चांगल्या कामांसाठी लोकांकडून १० लाख डॉलरहून जास्त पैसे उभे केले. आता ही थट्टा म्हणायची की भक्ती? मला विचाराल तर वारकऱ्यालाच विठोबाशी भांडायचा अधिकार असतो, त्यातला प्रकार.

त्याच गाण्याची अजून एक गोष्ट आहे. त्याच्या ध्रुवपदात काही अक्षरं निव्वळ निरर्थक आहेत. सहगीतकार ॲली विलिस ही बँडच्या मॉरिस व्हाइटच्या मागे लागली होती की इथे खरे शब्द घालू या. तो शेवटपर्यंत ऐकला नाही. अर्थ राहिला तरी चालेल, झोका चुकता कामा नये, हे त्याचं म्हणणं. विलिसने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं की शब्दांना तालाच्या वाटेत येऊ द्यायचं नाही, हा धडा ती त्याच्याकडून शिकली. म्हणजे ज्या जागेवर कोणीही शहाणा माणूस पहिलं बोट ठेवेल, त्याच जागेवर त्या दोघांचा सगळ्यात जास्त वाद आणि विचार झाला होता.

आपल्याकडे ह्यात अत्र्यांचं घराणं आहेच. १९२५ साली 'केशवकुमार' ह्या नावाने त्यांनी 'झेंडूची फुले' काढली आणि रविकिरण मंडळाच्या कवींची यथेच्छ हजामत केली. पण विडंबन करायचं तर वृत्त सांभाळावं लागतं. ज्याला हसायचं त्याच्यासारखं आधी लिहिता यावं लागतं. आणि कवींच्या हळवेपणाला हसणारा हाच माणूस १९५३ साली 'श्यामची आई' काढून अख्ख्या महाराष्ट्राला रडवून मोकळा झाला. त्या सिनेमाला १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. हसून झाल्यावर अत्रे स्वतः मैदानात उतरले, हळवं होऊन दाखवलं. मी पंचा सोडून गादीवर जाऊन बसले होते.

तर मी ठरवलं, आपलं ऑपरेशन अर्धं राहिलंय. शेवटचा भाग बाकी आहे.

नानांचं गाणं मी बसवायला घेतलं. न्हाणीघरात, गच्चीवर, स्कूटरवर. (हेल्मेटच्या आत आपला आवाज फार छान वाटतो, करून बघा.) मुखडा जमला. पहिला अंतरा बरा जमला, म्हणजे सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण ती दुसरी ओळ जमेना. लांबच लांब ओळ, श्वास घ्यायला जागाच नाही. मूळ रेकॉर्डमध्ये ती एका दमात म्हटलीय. मला काही दमा नाही, तरी शेवटची दोन अक्षरं कोरडीच यायची. शब्दाच्या आधी श्वास घेतला की ताल पुढे निघून जायचा आणि मी मागून धावायचे. शब्दाच्या नंतरपर्यंत थांबले की डोळ्यांपुढे काजवे.

डिसेंबरात मिरजेला गेले. काम काही नव्हतं, तसंच सांगितलं. दुपारचा चहा झाला, काकू भाजी निवडायला बसली. मी म्हटलं, "नाना, तुमचं गाणं म्हणून दाखवते."

"ऑपरेशन?" नाना म्हणाले.

"नाही. गाणं."

त्यांनी काकूकडे बघितलं. मग टीव्ही बंद केला. "बरं. आता तू म्हणून दाखव."

मी डोळे मिटले. मिटल्याशिवाय जमलंच नसतं, नाना का मिटायचे ते तेव्हा कळलं. हात गार पडले होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी, घरातल्या दोन माणसांसमोर! मुखडा झाला. सतारीचा तुकडासुद्धा वाजवला, गाळला असता तर तो पळपुटेपणा झाला असता. आणि दुसऱ्या ओळीवर जिथे तोंडघशी पडायचं तिथे पडले. थांबले. डोळे उघडले.

नाना हसत होते. खो खो नाही, गालातल्या गालात. म्हणाले, "ती सतार आहे गं. तू रिक्षाचा हॉर्न वाजवलास." काकू फिस्सकन हसली. मग त्यांनी माझी रीतसर तपासणी केली. सूर वर का धरला, मुखड्यावर परत येताना एवढी घाई कसली, गाडी चुकतेय का? एकोणतीस वर्षांनी टेबलावर मी होते आणि चमचा त्यांच्या हातात. खोटं कशाला सांगू, लागलं थोडं. आणि बरंही वाटलं, कारण माझं गाणं कोणी इतकं नीट ऐकलं नव्हतं.

मग मी विचारलं, "नाना, त्या ओळीत श्वास कुठे घ्यायचा?"

"तू कुठे घेतेस?"

"शब्दाच्या आधी. पण मग सम चुकते."

"चुकणारच." ते जरा थांबले. "मला एका दमात ती ओळ कधीच आली नाही. मग काय तोडायचं ते ठरवावं लागतं. शब्द तोडायचा की ताल? मी महिनाभर दोन्ही करून बघितलं होतं तेव्हा. शब्द तुटला तर ऐकणारा तो मनात जोडून घेतो. सम चुकली तर कोण जोडणार?"

मी काहीच बोलले नाही. मॉरिस व्हाइट आणि ॲली विलिसची गोष्ट मला सांगायची होती, पण ती राहिली. मी एवढंच म्हटलं, "मी त्या श्वासाची नक्कल केली होती."

"केली होतीस," नाना म्हणाले. "हुबेहूब केली होतीस. जागा बरोबर पकडली होतीस." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाले, "कान आहे तुला. तेव्हाच म्हणालो होतो हिला." काकूने भाजीतून मान वर केली नाही, पण "हो, म्हणाले होते," असं म्हणाली.

मग त्यांनी ती ओळ दाखवली. गायले असं म्हणता येणार नाही, चष्मासुद्धा काढला नव्हता. आवाज आता फार खाली गेलाय, सूर हलतो. मांडीवर बोटांनी ताल धरून त्यांनी ती एक ओळ म्हटली, शब्दाच्या मधोमध श्वास घेतला आणि बरोबर समेवर आले. श्वासाचा आवाज आला. शब्द मी मनात जोडून घेतला. मग म्हणाले, "अशी. आता तू."

असो. पुढची गोष्ट घरच्या मंडळींसाठी. ह्या मे महिन्यात पुन्हा लग्न आहे, पुन्हा सांगलीलाच. डीजेवाल्याला रात्री दहाला बंद करायला सांगितलंय, नंतर गाद्या टाकून बसू. नानांना कोणी आग्रह करायचा नाही. "होऊन जाऊ दे" म्हणायचं नाही. आधी मी गाणार आहे, दुसऱ्या ओळीसकट, रिक्षाच्या हॉर्नसकट. तुम्हाला माझं ऑपरेशन करायचं असेल तर खुशाल करा. पण ज्याने चमचा हातात घेतला, त्याने नंतर स्वतः एक गाणं म्हणायचं. पूर्ण.

नानांचं मग बघू.